राखणदाराची पाठवणी

त्या दुपारी मी शिवेवर नारळ ठेवायला गेले, एवढंच. आमच्या कासार आंबोलीत भात खळ्यावर पडलं की नारळ ठेवून शिवेवरच्या राखणदाराला बोलवत्यात, आन् घरात आलं की दहीभात ठेवून पाठवत्यात. मी बोलावलं पोरीसाठी. माझी रंभा, सोळा वर्सांची, रक्ताचा कॅन्सर. साल चौऱ्याऐंशी. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "रत्नाबाई, औषधानं हिच्या पांढऱ्या पेशी संपल्यात. अंगाची राखण त्याच करतात. त्या परत येईपर्यंत कुणाला जवळ येऊ देऊ नका."

येऊ देऊ नका! आन् अख्खं गाव बघायला येतंय. खोकत, शिंकत, पोरीच्या तोंडावरनं हात फिरवत. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या!

नारळ ठेवला आन् कुणी उंबरा वलांडला न्हाई. शेजारची धोंडाबाई पायरीवरनंच फिरली. "आत कोण गडी बसलाय गं?" म्हणाली. घरात गडी न्हवताच. नुसता ओल्या घोंगडीचा वास... भर उन्हाळ्यात.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. पेशी परत आल्या! आता ह्याला पाठवावं, मनात आलं. मग म्हणलं, राहू दे की, राखणीला एकाला दोघं. तितंच माती खाल्ली मी.

तिसऱ्या दिवशी पोरीला दम लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला. "फुफ्फुसात जंतू होते. आलेल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडल्यात. त्या मारामारीत फुफ्फुसच सुजलंय."

"म्हंजी राखणारंच घर मोडाया लागलं?"

"तसंच. खाट उद्या मिळेल, सकाळी भरती करा."

उद्या! पोरीला श्वास आज पायजे, आन् खाट उद्या!

घरी आणून तिला निजवलं आन् दहीभात घेऊन पळत शिवेवर गेले. "झालं बाबा तुझं काम. जा आता." परत आले, तर दार बंद.

"रंभा, अगं दार उघड!"

"आई... मी न्हाई लावलं..." आवाज पार खोल गेलेला. "ते म्हणत्यात... भायेरचं कुणी आत घ्यायचं न्हाई..."

"मेल्या, मी आई हाय तिची!"

"...तुलाबी न्हाई म्हणत्यात."

मग नुसती धाप. मग तीबी न्हाई.

चार गड्यांनी दार फोडलं. अडसर आतनं खोबणीत पक्का बसवलेला. पोरीला पाण्याचा पेला उचलवत न्हवता हो!

अजून रानातनं आले की माझ्याच उंबऱ्यावर आतनं कुणीतरी खाकरतं. "कोण?" म्हणून विचारतं. मला विचारतं!