बादलीतलं पाणी आलं कुठून?

"एसीमध्ये पाणी कोण भरतं?"

बुटक्याने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मी उकिडवी बसून फरशी पुसत होते. एसीच्या नळीखालची बादली पुन्हा भरून वाहिली होती. सकाळपासूनची ही तिसरी.

"कोणी नाही भरत," मी म्हणाले. "एसीत पाणी भरायची जागाच नसते."

"मग हे कुठून येतं?"

"तूच सांग ना! तूही यंत्र, तोही यंत्र."

बुटक्याचा हिरवा दिवा पिवळा झाला. त्याला काही कळेनासं झालं की तो पिवळा व्हायचा. आमच्या घरी आल्यापासून तो बहुतेक वेळ पिवळाच होता.

तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आम्ही चंद्रपुरात राहत होतो. मे महिन्याच्या शेवटी तिथे नवतपा असायचा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्या वर्षी पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. माझ्या आजोबांना, आबाजींना, ऊन लागलं आणि ते सहा दिवस दवाखान्यात होते. घरी सोडताना आरोग्य केंद्राने त्यांच्या खोलीत एक जुना एसी बसवून दिला आणि देखरेखीला एक यंत्रमानव पाठवला. तो माझ्या गुडघ्याएवढा होता, तीन चाकांचा, एका हाताचा. म्हणून मी त्याचं नाव बुटक्या ठेवलं.

बुटक्या दर अर्ध्या तासाला खोलीचं 'जाणवणारं तापमान' मोजायचा (हवेची उष्णता आणि तिच्यातला ओलावा मिळून अंगाला जेवढं गरम वाटतं, ते). ते तीसच्या खाली हवं होतं. तीन दिवस सलग जास्त भरलं, तर रुग्णाला शाळेच्या सभागृहातल्या थंडावा केंद्रात हलवायचं, असा नियम. तिथे साठ खाटा होत्या. एकदा माणूस तिथे गेला की पावसाळा सुरू होईपर्यंत घरी येत नसे.

आज तिसरा दिवस होता. चार वाजता गाडी येणार होती. आत्ता दीड वाजला होता आणि बुटक्याच्या पोटावर आकडा दिसत होता: तेहतीस.

"मी नाही जात तिथं," आबाजी खाटेवरून म्हणाले. "साठ म्हातारे एका खोलीत! त्यातले तीस घोरणारे. आणि आमच्या चैतालीचं गणित कोण घेईल?"

ते हसत होते, पण त्यांच्या बनियनची पाठ ओली होती. मी चादरीला हात लावला. तीही दमट. मला तर काही समजतच नव्हतं. खोली गरम नव्हती. एसी अठरावर लावलेला होता आणि एक क्षणही न थांबता घरघरत होता. तरी अंग चिकचिकत होतं, वहीची पानं मऊ पडली होती आणि सकाळी वाटीत काढलेला चिवडा चामड्यासारखा चिवट झाला होता.

"चैतालीताई," बुटक्या म्हणाला, "मी पुन्हा विचारतो. खोलीत कपडे वाळत घातले आहेत का?"

"नाही."

"खोलीत काही उकळत आहे का?"

"इथे? आबाजींच्या उशाशी?"

"छत गळतं का?"

"अरे बाप्पा, याला मे महिन्यात पाऊस दिसून राहिला!" आबाजी म्हणाले.

"खिडक्या बंद आहेत ना?"

"दोन्ही बंद आहेत," मी सांगितलं. आणि मी खोटं बोलत नव्हते.

"मग हवेत शहाऐंशी टक्के आर्द्रता (हवेत मिसळलेली पाण्याची वाफ) का आहे? बाहेर पुढच्या अंगणात फक्त बारा टक्के आहे. बाहेरची हवा पापडासारखी कोरडी आणि आतली समुद्रकाठासारखी. माझं सगळं शिक्षण समुद्रकाठच्या शहरात झालं. तिथेही असं नसतं." बुटक्या दाराकडे गेला आणि किलकिलं असलेलं दार त्याने ढकलून बंद केलं.

आबाजींनी खाटेवरूनच काठीने ते परत उघडलं. "हवेले बाहेर जायले वाट नको?"

"एसीच्या खोलीत नको," बुटक्या म्हणाला.

"काऊन नको?"

दोघांची ही कुस्ती तीन दिवस चालली होती. कोण बरोबर, हे मला ठरवता येईना. आबाजींनी चाळीस वर्षं चंद्रपुरातल्या घराघरात थंड हवेची यंत्रं बसवली होती. आणि बुटक्याच्या डोक्यात म्हणे एसीची बाराशे पुस्तकं होती.

मी बादली उचलली आणि रोजच्यासारखी मागच्या अंगणात निघाले. आज पहिल्यांदाच बुटक्या पाणी मोजायला मागोमाग आला. उन्हाने डोळे दिपले. भिंतीला लागून पत्र्याची मोठी पेटी होती. तिचं झाकण सरकवून मी सगळं पाणी आत ओतलं.

बुटक्या जागीच थांबला. दिवा पिवळा. मग तांबडा. मग पुन्हा पिवळा.

"हे काय आहे?"

"कूलर."

"कूलर म्हणजे?"

आता तुमच्यातल्याही पुष्कळांनी कूलर पाहिलेला नसेल. आमच्या लहानपणी विदर्भात घरटी एक तरी असायचाच. पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आत एक छोटा पंप आणि मोठा पंखा. पेटी खिडकीबाहेर ठेवायची आणि तिचं तोंड खिडकीत बसवायचं. एप्रिलमध्ये नव्या जाळ्यांवर पहिलं पाणी पडलं की घरभर जो वास सुटायचा, तो अजून माझ्या नाकात आहे.

"ही पेटी खिडकीत आहे," बुटक्या सावकाश म्हणाला. "तुम्ही तर म्हणालात, दोन्ही खिडक्या बंद आहेत."

"दोन्ही बंदच आहेत. ही तिसरी. ही खिडकी नाही, ही कूलरची जागा."

आमच्याकडे कोणीच त्या चौकोनाला खिडकी म्हणत नसे. आणि बुटक्या इतका बुटका होता, की खोलीतून त्याला तिचा कठडासुद्धा दिसत नव्हता. पंख्याचा आवाज त्याने एसीचाच समजला होता.

आम्ही धावत आत आलो. "आबाजी, तुम्ही कूलर आणि एसी दोन्ही लावले?"

"मग? एक बैल ओढते त्याहून दोन बैल जास्त ओढतात. दोघं मिळून दुप्पट गार."

"पण आबाजी, गार कुठे होतंय?"

तीन दिवसांत पहिल्यांदाच आबाजींच्याही चेहऱ्यावर माझ्यासारखा गोंधळ दिसला. मग ते म्हणाले, "हात दे इकडे." त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून माझ्या मनगटावर फिरवली आणि फुंकर मारली. "काय वाटते?"

"गार."

"पाणी वाळते ना, तेव्हा ते फुकट नाही वाळत. वाळायसाठी त्याले उष्णता लागते. ती तुझ्या हातातून घेते. म्हणून हात गार. कूलरमधी हेच. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या जाळीतून येते, पाणी वाळते, हवेची उष्णता खाते."

"बाष्पीभवन," बुटक्या म्हणाला (पाण्याची वाफ होणं).

"तू त्याले काहीही म्हण. पण ती ओली झालेली हवा खोलीत कोंडली तर पुढचं पाणी वाळत नाही. म्हणून दार उघडं पाहिजे. चाळीस वर्षं हेच सांगितलं मी लोकांना."

"कूलरसाठी ते अगदी बरोबर आहे," बुटक्या म्हणाला, आणि आबाजी एकदम ताठ बसले. "एसीचं मात्र उलटं. एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा फिरवतो. त्याच्या आत थंडगार नळ्यांचं वेटोळं असतं. हवेतली उष्णता त्या नळ्यांतलं शीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) उचलतं आणि भिंतीबाहेरच्या डब्यात नेऊन टाकतं. दार उघडं असेल तर तो जेवढी उष्णता बाहेर टाकतो, तेवढी पुन्हा आत येते."

"आणि पाणी?" मी विचारलं. "पाणी कुठून येतं?"

"ओली हवा थंड नळ्यांना लागली की वाफेचं पुन्हा पाणी होतं. सांद्रीभवन. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात, तसंच. वाफ तर कूलरची. पण कूलरला रोज एवढं पाणी येतं कुठून, हेच मला..."

मी रिकाम्या बादलीकडे बघत होते. एसीची नळी खरं तर बाहेर सोडायची असते. पण आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा थेंब वाया घालवत नसत, म्हणून आबाजींनी ती आत वळवून खाली बादली ठेवली होती. बादली भरली की कूलरमध्ये. कूलरमधून...

"आबाजी! हे एकच पाणी आहे!"

"कोणतं एकच?"

"मी बादली कूलरमध्ये ओतते. कूलर त्याची वाफ करून खोलीत सोडतो. एसी त्या वाफेचं पाणी करून बादलीत टाकतो. मी ते परत कूलरमध्ये ओतते! थोडं दारातून निसटतं, बाकीचं गोल गोल फिरतंय."

आबाजींनी काठीने बादली जवळ ओढून आत डोकावून पाहिलं.

बुटक्याचा दिवा हिरवा झाला. "आणि वाफ होताना पाण्याने जी उष्णता घेतली होती, ती पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. एसीला आधी ती बाहेर टाकावी लागते. खोली गार करायला त्याच्याकडे ताकदच उरत नाही. आबाजींचा घाम वाळत नाही, कारण ओली हवा आणखी पाणी घेत नाही."

"म्हणजे माझे दोन बैल एकमेकांकडे पाठ करून ओढून राहिले," आबाजी म्हणाले. त्यांनी खिडकीतल्या पेटीकडे पाहिलं. ती त्यांनीच बनवलेली होती, माझ्या आईच्या जन्माच्या वर्षी. "बंद कर, चैताली."

मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात बुटक्या ओरडला, "थांबा! हात ओले आहेत!" मी फ्रॉकला हात पुसून कोरडे केले आणि कूलर बंद केला. तेव्हाच मला दिसलं, की एसीची पिन एका एक्स्टेंशन बोर्डात होती आणि बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. एसीसाठी भिंतीत मुद्दाम केलेल्या जाड तारेच्या सॉकेटमध्ये कूलर लावलेला होता.

"त्याचा मान मोठा," आबाजी पुटपुटले.

"असला मान घराला आग लावतो," बुटक्या म्हणाला. "एसी खूप वीज ओढतो. बोर्डाची बारीक तार तापते." आम्ही भिंतीवरची मुख्य कळ पाडली, एसी त्याच्या हक्काच्या सॉकेटमध्ये लावला आणि वीज बंद आहे तोवर त्याची जाळी काढून धुतली. तिच्यावर बोटभर धूळ होती. धुळीतून हवा जाणार कशी? जाळी पुसून उन्हात धरली, तर दोन मिनिटांत खडखडीत वाळली. आबाजींनी खाटेवर बसून पुठ्ठा कापला. तो मी कूलरच्या तोंडावर बसवला आणि वरून जुनी गोधडी घट्ट खोचली. मग दार लावलं.

"आता सोळावर लावू?" मी विचारलं. "लवकर गार होईल."

"तो आकडा म्हणजे वेग नाही. कुठे थांबायचं, एवढंच तो सांगतो. सोळावर लावला काय आणि सव्वीसवर लावला काय, एसी सारख्याच जोराने धावतो. सोळापर्यंत तो या उन्हात पोचणारच नाही, म्हणून थांबणार नाही. सव्वीसवर लावा आणि छताचा पंखा हळू ठेवा."

अडीच वाजता आकडा बत्तीस. तीनला एकतीस. मी आकड्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत होते. साडेतीनला पुन्हा एकतीसच! आमचं चुकलं की काय? बुटक्या पुन्हा पिवळा झाला.

"भिंती, गादी, चादर सगळं तीन दिवस ओलावा पीत होतं," तो म्हणाला. "आता ते सोडतंय. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला नक्की माहीत नाही, चैतालीताई."

आबाजींनी माझा हात धरला होता. त्यांचा तळवा किती वेळ ओला होता आणि कधी कोरडा झाला, हे मला कळलंच नाही. एकदम घरघर थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा एसी आपणहून विसावला होता. दारात गाडीचा भोंगा वाजला आणि थंडावा केंद्राच्या मेश्राम सिस्टर आत आल्या. बुटक्याच्या पोटावर आकडा होता: सत्तावीस.

सिस्टरांनी आबाजींची नाडी पाहिली, कपाळाला हात लावला, चादर चाचपली. "अगंबाई, किती छान कोरडी खोली! आमच्याकडे तर नुसती चिकचिक. राहा काका घरीच."

मी उडीच मारली. पण आबाजी विचारत होते, "सिस्टर, तुमच्या त्या हॉलमधी काय लावलं?"

"सहा एसी आहेत ना. आणि गरम होतं म्हणून कालच आठ कूलरही लावले."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटक्याकडे पाहिलं.

"मीच आलो असतो," आबाजी म्हणाले, "पण हा बुटका मले उन्हात पाय ठेवू देणार नाही. माझी नात घेऊन जा. ती सगळं सांगते."

सिस्टर गोंधळल्या. मग त्यांनी माझ्या आईला कामावर फोन लावला. आई फक्त एवढंच म्हणाली, "टोपी घाल म्हणावं."

सभागृहात साठ खाटा होत्या. आठ कूलर, सहा एसी, सगळी दारं उघडी, आणि नळ्यांखाली सहा भरलेल्या बादल्या. साठ म्हातारी माणसं माझ्याकडे बघू लागली. एका आजींनी ओल्या पदराने कपाळ पुसत विचारलं, "ही एवढीशी पोर काय करणार गं?"

मी हात फ्रॉकला पुसून कोरडे केले.

"आजी," मी म्हणाले, "आधी मला सांगा, या बादल्यांतलं पाणी कुठून आलं?"