दोराचं वरचं टोक

एके काळी या खंदकाने गावाला राखलं, आता कायदा खंदकाला राखतो. पाणी कधीच आटलं. उरलाय तो गवताळ, घसरडा उतार आणि वर पाटी: खणू नये, खुंटी ठोकू नये. मग गवत कापणाऱ्याने दोर बांधायचा कशाला, कपाळाला? म्हणून नवरा कमरेला दोर बांधून खाली उतरायचा आणि बायको दुसरं टोक स्वतःभोवती गुंडाळून काठावर बसायची.

"माझी खुंटी चांगली गुबगुबीत आहे," तो म्हणायचा.

"उपटून गेले की कळेल!"

नियम मात्र एकच. त्याने वर येऊन "आलो गं" म्हटल्याशिवाय दोर सोडायचा नाही. समोर दिसला तरी नाही.

त्या दुपारी ऊन अगदी मऊ होतं. खालून विळ्याची खसखस येत होती, गवत हळूहळू डोलत होतं. पावसाचा पत्ता नव्हता, तरी कुठूनसा शेवाळाचा गार वास आला. तिला बरं वाटलं. डोळे कधी मिटले, कळलंच नाही.

जाग आली तर नवरा शेजारी बसून थर्मासमधला चहा ओतत होता.

"अगंबाई! कधी आलात?"

"तू घोरत होतीस तेव्हा. सोड आता तो दोर. हात बघ, किती लाल झालेत."

इतक्या मायेने तो कधी बोलला होता? तिला भरूनच आलं. तिने विळखा उलगडला. दोर ताणलेला होता. अडकला असेल गवतात, तिला वाटलं.

तो हातातून सळकन निसटला.

आणि खालची खसखस थांबली.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, इतका वेळ ती चालूच होती.

"अगं, धर! आलो... आलो गं!"

आवाज खालून आला, पाण्याचे घोट गिळत बोलावं तसा. ती काठावर धावली. खाली गवतच गवत, कोरडं.

"कोणाला शोधतेस?" चहा ओतणाऱ्याने विचारलं.

तो चांगला आहे. भांडत नाही, टाकून बोलत नाही. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. संध्याकाळी दार वाजतं, ती आतूनच "कोण?" म्हणते आणि जीव कानात आणून थांबते. तो नुसता हसत आत येतो.

दुपारी ती नवा दोर खाली सोडून काठावर बसते. झोपत नाही. उन्हं उतरली की दोर वर ओढून घेते, तेव्हा त्याचं खालचं टोक ओलं असतं.