नैवेद्याआधीचा घास

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बुधवार पेठेतल्या हौदावर सगुणा घागर भरीत असता, तिच्या खांद्यावरून एका घोड्याने मान पुढे काढली आणि कात्रजचे ते थंडगार पाणी निवांतपणे पिण्यास आरंभ केला. सगुणा दचकली नाही. वीस वर्षांची ती शिलेदाराची लेक घोड्यांना भिणारी नव्हती. तिने वळून स्वाराकडे पाहिले. धुळीने माखलेला अंगरखा, हसरे डोळे आणि पुढ्यात गवताने शिवलेली करंडी...

“जनावरांचे पाणी पलीकडे आहे,” ती म्हणाली.

“घोडा परगावचा आहे.”

“आणि स्वार?”

“स्वार इथलाच; परंतु ग्वाल्हेरीच्या छावणीत राहून वाटा विसरला. मुक्ताबाईंचे घर कोठे, एवढे सांगावे.”

“त्यांच्या मुलीस विचारा.”

“ती कोठे भेटेल?”

“आपल्या घोड्याच्या तोंडाखाली उभी आहे.”

स्वाराचे नाव जिवाजी. सगुणेच्या वडिलांच्या पथकातला तो तरुण रजेवर पुण्यास आला होता. करंडीत वडिलांनी धाडलेली काश्मिरी सफरचंदे होती, आणि सोबत तोंडी निरोप. निरोप एका बैठकीत संपण्याजोगा होता; जिवाजीने तो पुरवून पुरवून सांगितला. रोज एखादे वाक्य त्यास नव्याने आठवे, आणि रोज त्या वाक्यावर सगुणेशी त्याचा वाद होई. तो गेला, की तिला दुपार लांबलचक वाटे.

निरोपाचा गाभा एवढाच होता, की मुलीचे मन पाहून लग्न ठरवावे. परंतु सगुणेने सोळा सोमवारांचे व्रत धरले होते, आणि ते पुरे होईपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही, असे मुक्ताबाईंनी बजावले होते. शेवटच्या सोमवारी व्रत संपणार होते. त्याच आठवड्यात जिवाजी रजा संपवून उत्तरेस निघणार होता.

तो सोमवार उजाडला. सफरचंदे सुरकुतू लागली होती, म्हणून मुक्ताबाईंनी नैवेद्यास त्यांचेच गुलगुले करण्याचे ठरविले. सगुणा दिवसभर उपाशी होती. कढईत तूप तापले होते, आणि बाहेरच्या कपड्यांत स्वयंपाकघरात येण्यास मनाई असल्याने जिवाजी उंबरठ्याबाहेर बसून आज्ञा सोडीत होता.

“बिया काढून गोल चकत्या करा. कणीक गुळाच्या पाण्यात सैल भिजवा. चकती बुडवून तळा.”

“चकत्या? आमच्याकडे गुलगुल्यांत किसून घालतात.”

“किसले, की सफरचंद कोणते आणि भोपळा कोणता, हे कळत नाही.”

“खाणाऱ्याला कळत नसेल.”

अखेर चकत्याच झाल्या. वेलदोड्याचा वास अंगणापर्यंत गेला. पहिला गुलगुला तांबूस होऊन तुपावर तरंगला. सगुणेने तो झाऱ्याने काढला.

“आत कच्चा आहे,” जिवाजी म्हणाला.

“शिजला आहे!”

“माझे ऐका... कच्चा आहे.”

“पाहा तर!” असे म्हणून तिने तो मोडला, फुंकर घातली आणि अर्धा तोंडात टाकला. “लोण्यासारखा शिजला आहे!”

व्रतस्थ मुलीस उपासाचा विसर पडेल कसा, असे कोणी विचारील. ज्याने हट्टाने वाद घातला आहे, तो असे विचारणार नाही. वाद जिंकण्याच्या क्षणी माणसास भूकही आठवत नाही, आणि उपासही.

जिवाजीचा चेहरा पाहून तिच्या ध्यानात आले. घास तर गिळून झाला होता.

“मी खाल्ला, असे सांगेन,” तो कुजबुजला.

“उंबरठ्याबाहेरून? आपला हात फारच लांब दिसतो...” ती हसू गेली, पण डोळे भरून आले. तशीच उठून ती देवघरात गेली, आणि बेलाची पाने निवडणाऱ्या आईस तिने सारे सांगितले.

मुक्ताबाई बाहेर आल्या. “मोडले ते मोडले. पुढल्या श्रावणात पुन्हा धर.”

“पुढल्या श्रावणात मी चंबळेपलीकडे असेन!” जिवाजी ताडकन उठून म्हणाला.

“असाल. व्रत हिचे, त्याचे तुम्हांस काय, जिवाजीराव?”

त्याने पागोटे उगाच सारखे केले.

“मला... सगुणेशी लग्न करायचे आहे.”

“एवढे बोलायला इतके दिवस? आणि तू गं? महादेवाकडे काय मागत होतीस?”

“न भांडणारा नवरा,” सगुणा पदराशी चाळा करीत म्हणाली. “पण... करंडी आली, त्या सोमवारपासून मागणे बदलले.”

मुक्ताबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

“मागितलेले दारात येऊन बसले, तर नवस फेडायचा असतो, पुन्हा धरायचा नसतो. जा, नवी कणीक भिजव. महादेव अजून उपाशी आहेत.”

त्या देवघरात गेल्या. सगुणेने परात ओढली.

“या खेपेस किसून घालते,” ती म्हणाली.

“घाला. आपलेच खरे.”

तिने मान वर केली. तुपाच्या धगीने तिचे गाल लाल झाले होते... की आणखी कशाने, देव जाणे.

“इतक्या लवकर हार मानू नका,” ती हळूच म्हणाली, “अजून सारा जन्म काढायचा आहे.”