सोडू का?

सांगतोय ते घडलेलं आहे. ज्याला पटायचं नाही त्यानं इथंच थांबावं, माझी काही हरकत नाही. माझा मावसभाऊ स्वरूप थापा मारणाऱ्यातला नाही. उलट भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की तोच आमची टर उडवायचा.

आता उडवत नाही.

गेल्या वर्षीची तेरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्र नव्हती, अमावास्याही नव्हती. दुपारचे तीन वाजून गेले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे वेल्ह्याच्या वर डोंगरात एका वाडीतली बंद पडलेली शाळा. वाडीचं नाव सांगणार नाही. तिथल्या माणसांच्या मागं आधीच कमी ताप नाहीत.

स्वरूप भोरचा. छातीचे एक्स-रे काढतो. टीबी शोधायला गावोगावी कॅम्प लागतात, तिथं हा हातात धरायचं मशीन घेऊन जातो. काम सोपं आहे. ज्या पाटीवर फोटो उमटतो तिच्यासमोर माणसाला उभं करायचं आणि म्हणायचं, "श्वास घ्या... धरा." फोटो निघाला की म्हणायचं, "सोडा."

दिवसातून शंभरदा तो हे म्हणतो. एकदा म्हणायचं राहिलं.

झालं असं, की मार्चमध्ये याच वाडीसाठी खाली रस्त्यावर कॅम्प लागला होता. मांडव, खुर्च्या, चहा, सगळं रघुवीरशेठनी दिलेलं. शेठ पुण्याचे, खाली त्यांचा मोठा बंगला आहे. वाडीतली माणसं दीड तास उतरून आली होती. रांगेत सगळ्यात शेवटी फुलाबाई. पासष्टीची म्हातारी, खोकून खोकून वाकलेली, सकाळपासून उन्हात बसलेली. तिची पाळी आली तेव्हा मशीनच्या बॅटरीत एकच फोटो उरला होता.

स्वरूपनं तिला पाटीला छाती टेकवायला लावली. म्हणाला, "आजी, श्वास घ्या... धरा."

तेवढ्यात शेठ आत आले. त्यांना परदेशी जायचं होतं, त्याच्या कागदांत छातीचा एक्स-रे लागत होता. दोन मिनिटांचं काम, म्हणाले. त्यांचाच मांडव, त्यांचाच चहा. स्वरूप नाही कसा म्हणणार?

फुलाबाई आपण होऊन बाजूला झाली. अशा माणसांना बाजूला व्हा म्हणून सांगावं लागत नाही.

शेठच्या ठणठणीत छातीचा फोटो निघाला आणि मशीन बंद पडलं. स्वरूपनं म्हातारीला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तोंड गच्च मिटलेलं, डोळे मोठे. तिनं नुसती मान हलवली आणि तशीच बाहेर गेली.

पुढचा महिना काही आला नाही. मशीन दुसरीकडं गेलं, मग पावसानं वाट बंद झाली. फुलाबाई जुलैत गेली.

हे स्वरूपला ठाऊकच नव्हतं. नोव्हेंबरात तो वाडीवर पोचला तेव्हा तिच्या मुलानं, कोंडिबानं, पाण्याचा तांब्या पुढं करत सहज सांगितलं. आवाजात राग नाही, काही नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं स्वरूप म्हणतो.

"शेवटचे तीन दिस एकच धोशा बगा," कोंडिबा म्हणाला. "दादा, आता सोडू का? आता सोडू का? आमी म्हणलं, आये, काय सोडायचं? आमाला तर काय कळंना."

स्वरूपच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

त्याला कळलं होतं.

काम तर करायलाच हवं होतं. यादीत बावीस नावं होती आणि शेवटचं नाव कोंडिबाच्या बायकोचं, सुलक्षणाचं. सासूची सेवा तिनं केली होती. आता ताप तिला, खोकला तिला. वजन चौतीस किलो, पदरी तीन वर्षांची पोर. थुंकी तपासली त्यात काही सापडलं नव्हतं. औषध सुरू व्हायचं तर ते फोटोवरच. वाडीची आशा सेविका प्रेरणा, तिनं स्वरूपला आधीच बजावून ठेवलं होतं, काहीही झालं तरी हिचा फोटो झालाच पाहिजे, ही बाई पुढच्या कॅम्पपर्यंत टिकायची नाही.

शाळेच्या खोलीत पहिलाच माणूस पाटीसमोर उभा राहिला. स्वरूप म्हणाला, "श्वास घ्या... धरा."

आणि सगळं गप्प झालं...

बाहेर पोरं खेळत होती, त्यांचा आवाज बंद. कोंबड्या बंद. पत्र्यावर वाजणारा वाराही बंद.

"सोडा."

माणसानं श्वास सोडला. पोरांचा गलका पुन्हा सुरू झाला. स्वरूपनं मनाची समजूत घातली, की आपल्याच कानांना दडे बसले असतील, घाट चढून आलोय.

दुसऱ्या माणसाला तेच. तिसऱ्याला तेच. पाचव्याच्या वेळी मात्र त्यानं नीट ऐकलं. "धरा" म्हटल्यावर, त्या शांततेत, त्याच्या डाव्या हाताला भिंतीपाशी...

कुणीतरी श्वास आत ओढत होतं.

भिंतीपाशी कुणी नव्हतं.

"सोडा" म्हटल्यावर एकाच माणसाचा श्वास सुटायचा. दुसरा आत गेलेला असायचा, पण बाहेर यायचा नाही. एकवीस माणसं झाली. एकवीस वेळा कुणीतरी श्वास ओढला आणि आतच ठेवला. स्वरूपचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. पळून जावंसं वाटत होतं, पण दारात प्रेरणा सुलक्षणाला धरून उभी होती.

सुलक्षणा पाटीसमोर आली. बॅटरीचा लाल दिवा लागला होता. तीन फोटो निघाले असते, फार तर.

"श्वास घ्या... धरा."

पहिला फोटो पूर्ण काळा.

त्यानं मशीन पुसलं, पाटी सरळ केली. सुलक्षणाला खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत थांबला. पुन्हा काढला. लॅपटॉपवर फोटो हळूहळू उमटायला लागला...

बरगड्यांचे दोन पिंजरे.

एक सुलक्षणाचा. दुसरा त्याच्यावर आडवा आलेला, बुटका, खांदे वाकलेले. कुणीतरी तिच्या आणि पाटीच्या मधे उभं होतं. आपली पाळी आहे म्हणून उभं होतं.

एक फोटो उरला होता.

स्वरूपला रडू फुटलं, हे त्यानं मला स्वतः सांगितलंय. बाहेर माणसं होती, प्रेरणा बघत होती, पण त्याला कशाची लाज वाटली नाही. तो त्या भिंतीकडं वळला.

"फुलाबाई," तो म्हणाला. "सोडा."

काही झालं नाही.

तिला नावानं हाक मारायची सवय कुणाला नसणार, त्याच्या लक्षात आलं.

"आजी, माझं चुकलं. सोडा आता."

आणि मग...

श्वास सुटला. लांब, घरघरता, आठ महिन्यांचा. संपेचना. त्याच्या तोंडावर आला तो गरम होता, म्हणतो. भिंतीवरचा जुना तक्ता त्यानं फडफडला.

पाटीला छाती टेकलेली सुलक्षणा मान न वळवता हळूच म्हणाली, "आत्याबाई?"

स्वरूपनं मशीन उचललं. "श्वास घ्या... धरा... सोडा." फोटो स्वच्छ निघाला. छातीच्या दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते, ते त्यालाही दिसले. तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी मशीन बंद पडलं.

संध्याकाळी भोरला आल्यावर त्यानं फोटो डॉक्टरांना पाठवले. तो दोन पिंजऱ्यांचा तेवढा काढून टाकला. आठ वाजता डॉक्टरांचा फोन आला. सुलक्षणाचं औषध उद्याच सुरू करू, म्हणाले, वेळेत सापडली. ती आता बरी आहे, वजनही भरलंय, हे सांगायला हवं.

स्वरूपनं सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा डॉक्टर पुढं म्हणाले, "आणि ही तेवीस नंबरची कोण?"

यादीत बावीसच आहेत, स्वरूप म्हणाला.

"अरे, फोटो माझ्यासमोर आहे. तीन एकतीसला काढलायस. नाव टाकायला विसरलास. वयस्कर बाई दिसते, पाठ वाकलेली."

तीन एकतीसला मशीन बंद होतं.

स्वरूप नुसताच "तीन एकतीस? तीन एकतीस?" करत राहिला. डॉक्टरांना वाटलं, पेशंटची अवस्था बघून पोरगा घाबरलाय. त्यांनी समजावलं.

"घाबरू नकोस. आजार वाढलाय, पण हाताबाहेर नाही गेलेला. औषध आत्ता सुरू केलं तर ही बाई वाचेल. सकाळी गाडी पाठवतो. कुठं राहते ती?"

स्वरूपनं फोन ठेवून दिला.

दर सोमवारी न सापडलेल्या पेशंटची यादी येते. तेवीस नंबर अजून त्यात आहे. समोर 'मयत' एवढं लिहिलं की विषय संपेल, मी त्याला कितीदा म्हटलं. तो लिहीत नाही. डॉक्टर म्हणालेत ना वाचेल, एवढंच बोलतो, आणि दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी एकटा त्या वाडीवर जाऊन येतो.