घाबरटचा उलटा हात

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. तापट आहे, तोंडाची फटकळ आहे, पण खोटारडी नाही.

आणि हो, अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. जागा होती एका मोठ्या लाँड्रीचं तळघर.

कामावर तिला सगळे ‘ठिणगी’ म्हणायचे. तिशी उलटल्यावर तिने दुकानातली बैठी नोकरी सोडली आणि वायरमनचं काम शिकायला एका कंत्राटदाराकडे उमेदवारी धरली. माझी मावशी कपाळाला हात लावून बसली. “लोकांच्या मुली सोन्याच्या बांगड्या घालतात, आमचीच्या हातात पक्कड.”

ठिणगीला एकच गोष्ट हवी होती. सरकारी परवाना. तो मिळाला की स्वतःचं काम, स्वतःची पाटी, कुणाची हांजी हांजी नाही.

पण परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर कंत्राटदाराची सही लागते. हिने माझ्या हाताखाली काम केलंय, अशी. सगळी मेख तिथेच होती. तिचा कंत्राटदार, ज्याला सगळे शेठ म्हणायचे, ती सही गाजरासारखी तिच्या नाकासमोर नाचवत होता. आज देतो, उद्या देतो. तोवर फुकटात राबवून घ्यायचं.

त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती. सकाळीच शेठ म्हणाला, “लाँड्रीच्या तळघरातलं पॅनल संपव. संपलं की तिथल्या तिथे सही.”

लाँड्रीचं नाव ऐकून ठिणगीने खांद्यावरची पिशवी पुन्हा खाली ठेवली.

कारण तिच्या आधीचा उमेदवार त्याच तळघरात गेला होता. गेला म्हणजे… मेला.

त्याला सगळे ‘घाबरट’ म्हणायचे. शेठनेच ठेवलेलं नाव. टेस्टर लावून झाला, तरी तो तारेला आधी उलटा हात लावायचा. हाताची मागची बाजू. करंट असला तर मूठ आपोआप आवळली जाते. तळव्याने धरलेलं मग सुटत नाही. उलटा हात लावला तर झटका बसून हात निदान मागे तरी येतो. त्याची ही सवय एवढी मुरली होती की चहाच्या कपालाही तो आधी उलटा हात लावून बघायचा. सगळे हसायचे.

चौकशीत शेठने सांगितलं, पोराने मेन स्विच बंदच केला नव्हता. त्याचीच चूक. चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांनी मान डोलावली, विषय संपला.

जो माणूस चहाचा कप तपासायचा, तो म्हणे मेन बंद करायला विसरला. मला हे आठवलं तरी आजही डोक्यात तिडीक जाते.

मेन स्विच वरच्या मजल्यावर, बोळात होता. ठिणगीने तो बंद केला आणि स्वतःचं लाल कुलूप काढून त्याला लावलं. नियमच आहे तसा. खाली जो काम करतो, त्याचं कुलूप वर, आणि चावी त्याच्याच खिशात. म्हणजे कुणी चुकूनही चालू करू शकत नाही.

शेठने कुलूप काढायला लावलं आणि तिच्याच पिशवीत टाकलं.

“कुलपं लावत बसलो तर धंदा कधी करायचा? मी उभा आहे ना इथे. जा.”

सहीसाठी तिने राग गिळला आणि ती खाली गेली.

तळघरात साबणाचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. मशीन बंद होती. इतकी शांतता, की नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. तिने बॅटरीचा दिवा खुंटीला अडकवला आणि पॅनल उघडलं. टेस्टर लावला. पेटला नाही. सगळं बंद.

तिने पाना उचलला. हात आत घालणार, एवढ्यात…

नळाचं ठिबकणं थांबलं.

आणि तिच्या मनगटाला काहीतरी गार लागलं.

तिने मान वळवली. कुणी नव्हतं. तिने पुन्हा हात पुढे केला. पुन्हा तेच. गार, हाडं लागणारं… हाताची मागची बाजू असावी तसं. या वेळी त्याने तिचं मनगट बाजूला सारलं. हळूच, पण ठामपणे.

ती दोन पावलं मागे सरली.

आणि पॅनल घुमायला लागलं. लाल दिवा लागला. जिथे तिचा हात असणार होता, तिथून करंट वाहत होता.

ती जिना चढून वर आली. शेठच्या एका हातात चहा, दुसरा हात मेनच्या दांड्यावर. शेजारी लाँड्रीचा मॅनेजर.

“अगं, यांना मशीन लावायची घाई होती,” शेठ म्हणाला. “मला वाटलं, झालं तुझं.”

मला वाटलं, झालं तुझं. बस्स. माणसाच्या जिवाची किंमत एवढीच.

ठिणगीला त्याच क्षणी कळलं, घाबरट कसा मेला ते.

“कुलूप लावल्याशिवाय मी खाली जाणार नाही,” ती म्हणाली. “आणि सही आत्ता द्या.”

मॅनेजरसमोर हे ऐकून शेठचा पारा चढला. “एवढी फाटते तर घरी बसायचं. आण तो पाना. मीच करतो.”

मॅनेजर फोन घ्यायला ऑफिसात गेला. शेठ जिना उतरला. ठिणगीने मेन बंद केला, पिशवीतून लाल कुलूप काढलं आणि लावलं. चावी मुठीत धरली. तिने नियम पाळला.

तेवढ्यात खालून शेठचा आवाज आला.

“आणि सहीचं विसर आता. पुढच्या वर्षी बघू. आधी बोलायला शीक.”

ठिणगीच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. रागाने. इतकी वर्षं राबवलं, मारता मारता राहिला, आणि वर हे. तिने मूठ उघडली आणि चावी कुलपात घातली.

एक दांडा वर करायचा. नंतर म्हणायचं… मला वाटलं, झालं तुमचं.

तेव्हा तिच्या मनगटाला पुन्हा तो गार हात लागला. उलटा. त्याने तिचा हात कुलपापासून बाजूला सारला. तिने दात-ओठ खात पुन्हा पुढे नेला. त्याने पुन्हा सारला.

तिने चावी काढून घेतली आणि ती मटकन खाली बसली.

मनगटावरचा गारवा निघून गेला. जिन्याकडे गेला, असं ती म्हणते.

मग खालून आवाज आला… पॅनल घुमण्याचा.

मेन बंद होता. कुलूप जागेवर होतं.

आणि शेठ ओरडला.

मॅनेजर धावत आला. त्याने स्वतः कुलूप ओढून पाहिलं. घट्ट. दोघं खाली पळाले. शेठ पॅनलपासून लांब, भिंतीला टेकून बसला होता. जिवंत होता. पण उजवा हात… तळवा भाजलेला, आणि मागच्या बाजूला चार बोटांचे काळे ठसे. कुणी हातात हात घेऊन आवळावा तसे.

“सोडेना,” तो म्हणत होता. “त्याने धरला… सोडेना.”

तो हात पुन्हा पेन धरू शकला नाही. ठिणगीचं ते वर्ष गेलं. त्या दिवसांत ती घाबरटवरसुद्धा चिडली होती. “जीव वाचवलास, मग सही होईपर्यंत तरी थांबायचं होतंस,” असं रिकाम्या खोलीत बोलताना मावशीने तिला ऐकलंय.

चौकशी झाली. मेन बंद, कुलूप लावलेलं, साक्षीला मॅनेजर. साहेबांनी निकाल दिला, कंत्राटदाराने काळजी घेतली नाही. त्याचीच चूक.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंत्राटदाराकडून तिने परवाना मिळवला. आता तिची स्वतःची पाटी आहे. ती आजही कुलूप लावते, चावी खिशात टाकते आणि काम सुरू करण्याआधी मनगट पुढे करून क्षणभर थांबते. बहुतेक दिवस काही होत नाही. ज्या दिवशी गार लागतं, त्या दिवशी काम टाकून सरळ घरी येते. गिऱ्हाईक शिव्या घालतं, ती ऐकून घेते.

ती म्हणते, तो माझी राखण करतो. मी मान डोलावतो.

पण मनात एक गोष्ट सलत राहते, आणि ती तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

त्या दिवशी तिने चावी कुलपात घातली होती. ते घाबरटलाही ठाऊक आहे.

त्याने अजून तरी तिला उलटाच हात लावलाय.