कुणाचं डावं?

एका दाराला घर नव्हतं.

आरशात बघून भांग पाडताना हात चुकत नाही. समोरच्याचा पाडताना चुकतो.

बंपर उचलायला हलका, पण त्याचं भाडं हत्तीचं.

खिडकीतल्या त्याला खळी पडायची... डावीकडे. म्हणजे माझ्या डावीकडे.

बाबा म्हणाले, "या वेळी काही बिघडलं ना चिमणे, तर शटर खाली. तू काकाकडे राहायला जायचं."

*

आमचं दुकान जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं. भंगारात आलेल्या गाडीची दारं, बोनेट, दिवे सोडवून ठेवायचे आणि कुणी लांबून मागवले की पाठवायचे. मागवणारा एकच उरला होता, डोंगरापलीकडचा मिस्त्री. त्याला पाठवलेला एक बंपर तडकून पोचला होता, एक दिवा फुटून. "पुन्हा असं झालं तर दुसरीकडून घेईन," तो फोनवर शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आता त्याला बंपर हवा होता आणि डावं दार. कुरिअरवाल्यानं आकार ऐकून जे भाडं सांगितलं, त्यात दाराशेजारी बसून मीही फिरून आले असते.

म्हणून मालवाहतुकीच्या डेपोत गेले. दारातल्या वॉचमननं हातसुद्धा न हलवता सांगितलं, "डावीकडची खिडकी." तिथं रांग नव्हती. काचेपलीकडे तो.

"बोला. काय मोडलं?"

"अजून काही नाही," मी म्हणाले. "पण मोडेल."

तो हसला. खळी.

"इथं सगळे चिडून येतात हो. घाबरून आलेल्या तुम्ही पहिल्याच." मग त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही बंपर कुठं पाठवताय? बंपरच्या पोटातली हवा पाठवताय. भाडं तिचं लागतं. खोकं नको, जुन्या चादरीत गुंडाळा. पोकळीत मिस्त्रीला लागणारी बारकी सामग्री भरा. दार उभंच बांधा. आणि घरपोच कशाला? त्यानं तिकडच्या डेपोतून उचलावं. माझा दादा इथं माल उतरवून रिकामा ट्रक घेऊन तिकडंच परततो. त्याला स्वस्तात न्यायला परवडेल."

"आणि फुटलं तर?"

"तर माझ्याकडे या."

"न फुटताही येईन..." तोंडातून निघूनच गेलं. कान तापले.

आणि खरंच जात राहिले. दोरी कुठली घेऊ, गाठ कुठं मारू... प्रत्येक गाठीसाठी एक खेप. तो काचेखालच्या फटीतून दोरी आत घ्यायचा, गाठ मारून परत द्यायचा. ती गाठ मी घरी जाऊन सोडायचे नाही.

*

दादाचा ट्रक निघाला. मी दुकानात परतले.

"कुठलं दार दिलंस?" बाबांनी विचारलं.

"डावं."

"कुणाचं डावं?"

"म्हणजे काय? सीटवर बसल्यावरचं. आपण तसंच मोजतो ना."

"आपण मोजतो गं. तो मिस्त्री जन्मभर बोनेट उघडून गाडीसमोर उभा. त्याचं डावं म्हणजे आपलं उजवं..." बाबा खुर्चीत बसले. "बहुतेक."

मिस्त्रीला फोन करायचा? म्हणजे पोरीला डावं-उजवं कळत नाही, हे आपणच सांगायचं. हात फोनकडे जाईना. उजवं दार रिक्षात घातलं आणि डेपो गाठला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. काही न विचारता खिडकी लावून घेतली आणि डेपोचा छोटा टेम्पो काढला. "दादा वजनकाट्यावर रांगेत असेल. चला."

मागे टाकलं तर आदळेल, म्हणून दार मी केबिनमध्येच घेतलं. आमच्या दोघांच्या मध्ये, उभं. तो काहीतरी म्हणाला.

"काय?"

"काच खाली करा, ऐकू येत नाही!"

मी मधल्या दाराचं हँडल फिरवलं. काच कुरकुरत खाली गेली आणि चौकटीत त्याचा चेहरा आला.

"घाबरलात?"

"खूप."

"मिस्त्रीला विचारलं का?"

"...नाही."

"का?"

"तो हसेल."

"हसू दे की. हसण्यानं काही तडकत नाही."

वजनकाट्यापुढे ट्रकांची रांग होती. दादाचा ट्रक तिसरा. मी उतरले, फोन लावला. घंटा वाजत होती आणि माझा श्वास त्या घंटेला टांगला होता.

"मिस्त्रीकाका... तुमचं डावं कुठून? समोर उभं राहून, की आत बसून?"

तो हसला नाही.

"ड्रायव्हरच्या बाजूचं दार पाहिजे, पोरी. एवढं विचारायला घाबरत होतीस? बंपर पाठवला तेव्हाही कसा बांधू ते आधी विचारायचंस ना."

बाबा बरोबर होते. दादानं ताडपत्री सोडली, आम्ही दारं बदलली. गाठ पुन्हा यानंच मारली. दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "हा खिडकी सोडून कधी हलत नाही. आज काय भूकंप झाला?"

"दादा, रांग पुढे सरकली," हा म्हणाला.

*

परतताना दार मागे टाकलं. आदळलं तर आदळलं. मध्ये आता काही नव्हतं आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

"हसताय?" मी विचारलं.

"का?"

"इथून खळी दिसत नाही. ती त्या बाजूला आहे."

टेम्पो हळू झाला. "म्हणजे... तू खळी बघतेस?"

तू.

"बघते," मी म्हणाले. "पण उद्या काही मोडलं तर बाबा दुकान बंद करतील, मग मी काकाकडे—"

"मलाही रोज भीती वाटते. तुझं सामान नीट पोचलं, तर तू येणार नाहीस याची." त्यानं टेम्पो कडेला घेतला. "म्हणून एकदाच विचारतो. माझ्या डावीकडे... कायमची बसशील?"

"कुणाच्या डावीकडे?"

"शेजारी बसल्यावर दोघांचं डावं एकच असतं."

मी समोरचा आरसा वळवला. त्यात खळी सापडली. "बसेन," मी आरशाला सांगितलं.

*

मिस्त्रीचा फोन आला. "दार बसलं. आता बोनेट पाठव." बाबांनी शटरला तेल घातलं.

*

पहिल्या दिवशी वॉचमन माझ्याकडे तोंड करून उभा होता. बुकिंगची खिडकी त्याच्या डावीकडे होती. मी गेले ती तक्रारींची.