थेट नळाचा ग्लास

पहिला ग्लास

बेसा वस्तीतल्या त्या अंगणात मी नळाखाली काचेची नळी धरून उभी. समोर त्या घरचा तरुण, हातात पाण्याचा ग्लास.

"घ्या ना मॅडम. ऊन तापून राहिलं."

"कामावर नाही घेत."

"फिल्टरचं आहे."

"म्हणूनच."

गल्लीची पालिकेकडे तक्रार होती, नळाच्या पाण्याला वास येतो. मी नळीत औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळसर झालं तर त्यात क्लोरीन आहे, पिण्याजोगं... पाणी कोरंच राहिलं.

आणि जिन्याखालून आवाज — घुर्रर्र.

टिल्लू पंप. थेट नळाच्या लाइनला जोडलेला. मी समजावलं : हा ओढतो तेव्हा नाल्याजवळच्या ढिल्या जोडातून घाणही ओढली जाते. तुमची टाकी भरते, शेजाऱ्यांना वास मिळतो. जोड आमची माणसं बसवतील. पंप मात्र तुम्हालाच काढावा लागेल.

त्याचे कान लाल झाले. नाव ऋषिकेश, घराणं मूळचं काटोलचं, संत्र्याच्या बागांचं. ग्लास अजून हातातच. हळूच म्हणाला, "आमच्या घरचं नको, असं तर नाही ना?"

मला हसू आलं. "माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तिची नात आता तुमच्या शहराचं पाणी पास-नापास करते. मी पिईन तर थेट नळाचं. तेही पास झालेलं."

तो बघतच राहिला... मीही, जरा जास्तच.

दुसरा ग्लास

आलाच नाही.

पुढच्या खेपेला जोड बसवला होता, पंप मात्र तसाच. त्याचे वडील मनोहरराव खुर्चीतून त्याला म्हणाले, "सगळेच लावून राहिले. आपणच काहून काढावा गा?"

ऋषिकेशची नजर पंपावर. मी नळी पिशवीत ठेवली आणि मागे न पाहता निघाले.

खोटं. फाटकाशी एकदा पाहिलं.

तिसरा

पंप ओट्यावर पडलेला. भर उजेडात, साऱ्या गल्लीला दिसेल असा. त्याच्या शेजारी आणखी तीन, शेजाऱ्यांनी आणून ठेवलेले. मनोहरराव पाठ फिरवून बसलेले, आणि ऋषिकेश बादल्या घेऊन जिना चढत होता. शर्ट चिंब.

"आता रोज असंच वाहशील का गा?" मनोहररावांनी विचारलं.

"वाहीन, बाबा."

मी थेंब टाकले. गल्ली श्वास रोखून... पाण्यात हलकासा पिवळा उतरला, पिकायला लागलेल्या संत्र्यासारखा.

"एवढासाच?" ऋषिकेश.

"एवढाच लागतो. पास."

त्याने ग्लास विसळला, नळाखाली भरला आणि पुढे केला. मी गल्लीच्या देखत घोट घेतला — गार, गोड.

मनोहररावांनी मान वळवली. मग उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बस वं पोरी. उभ्यानं पाणी पिऊ नये."

"दीक्षा," ऋषिकेश पहिल्यांदाच नावानं बोलला, "रोज येशील?"

"आम्ही रोज नमुना घेत नाही."

"नमुन्यासाठी नाही म्हणून राहिलो मी."

अर्धा ग्लास उरला होता. तो, माझा उष्टा, मी त्याच्यापुढे धरला.

ऋषिकेशने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. मग ग्लास ओठांना लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाली ठेवला नाही.